पाव फेरा

बिंद्राशेठची बोट आली सोमवारी दुपारी,
ट्रेलरवर, पिछाडी रस्त्याकडे,
आणि पिछाडीला ती फळी,
पोहून झाल्यावर वर चढायची, पाय सोडून बसायची,
एका अंगानं झुकलेली,
बाजारातून भरली टोपली आणताना
खांदा झुकतो तशी.

"जेट्टीला जरा घासली, बाकी काही नाही.
वरून काहीतरी मारून द्या. रविवारी पाहुणे आहेत."

मी खाली वाकून पाहिलं.
उजव्या ब्रॅकेटचा जोड तुटलेला,
पण तुटीची अर्धी कड चकचकीत, अर्धी तपकिरी.
चकचकीत ती परवाची.
तपकिरी, दोन पावसाळ्यांपूर्वीची.
मालक नेहमी परवाचंच सांगतात.

बोल्ट काढला, मागोमाग पाणी आलं,
चहाच्या रंगाची धार
आणि कुजल्या प्लायचा वास.
मग हातोडीच्या दांड्यानं वाजवत गेले,
टण् टण् टण् टण्
आणि ब्रॅकेटपाशी : ठप.
ठप. ठप.
खडूनं गोल काढला. गोल मोठा होत गेला.
ओट्यावरून जयेंद्र म्हणाला, मान न वळवता,
"वीतभर आजून डावीकडं. तिथं पन पोकल हाय."

शेड त्याची. पाटीवर नाव त्याचं.
एकवीस वर्षं ग्राइंडर चालवला
तोंडाला फक्त पंचा बांधून.
भुवयांवर फायबरची पांढरी धूळ बसायची,
पोरं म्हणायची, बाबा म्हातारा झाला, आणि हसायची.
आता रेझिनचा डबा उघडला की तो उठून
वाऱ्याच्या बाजूला जातो.
ऐकू येईल एवढ्याच अंतरावर.

वाशीच्या डॉक्टरनं त्याच्या पाठीवर
दोन बोटांनी असंच वाजवलं होतं,
वरून खाली, वरून खाली,
आणि एका जागी थांबून, परत.
आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.
तो आवाज आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

शेठना फोन लावला. आतलं सगळं काढावं लागेल.
"अहो, एक फळीच तर आहे!"
"त्या फळीवरून उडी कोण मारतं?"
बराच वेळ नुसती पाम बीच रोडची वाहतूक ऐकू आली.
"नात. मांडव्याच्या पुढे नांगर टाकतो तिथे. नऊ वर्षांची आहे."
"मग रविवार विसरा."

खरवडलं. भिजलेल्या पावासारखं प्लाय हातात येत गेलं.
दोन रात्री आत हॅलोजन लावून ठेवला,
त्या उबेला अर्ध्या दिवाळ्याची मांजरं आली.
नवं प्लाय, मॅटचे पाच थर,
प्रत्येक थर रोलरनं दाबून, एकही बुडबुडा न ठेवता.
ब्रॅकेट तुर्भ्याच्या सलाउद्दीनकडून,
"तीनशे सोळा नंबर आहे बाई, चुंबक लावून बघा."
लावलं. चिकटलं नाही.
बोल्टची भोकं मुद्दाम मोठी पाडली, रेझिननं भरली,
सुकल्यावर त्याच भरावातून पुन्हा बारीक पाडली,
म्हणजे पाणी शिरलं तरी लाकडाला शिवणार नाही.
हे कुणाला दिसत नाही.
बिलात एका ओळीत मावतं.

शनिवारी सीलंट लावून बोल्ट नुसते हातानं बसवले.
रात्रभर जमू द्यायचं असतं.
घाईनं आवळलं तर सगळं बाहेर येतं
आणि आत काहीच उरत नाही.

रविवारी सकाळी ओहोटी,
खाडी लांब गेलेली, चिखलात निवट्या उडत होत्या.
मी फळीवर उभी राहिले. भाचा चढला.
शेजारची हिराकाकू, जी वजन कुणाला सांगत नाही,
तीही पदर खोचून चढली.
आम्ही तिघं नाचलो म्हणालात तरी चालेल.
फळी हलली नाही.

जयेंद्र आला, मधे दोनदा थांबत.
स्पॅनरच्या पाठीनं एकेक बोल्ट वाजवला,
कान जवळ, डोळे मिटून.
टण्. टण्. टण्.
चौथ्यापाशी खोकला आला.
तो सरेपर्यंत आम्ही निवट्या बघत राहिलो.
मग पुन्हा वाजवला.
"चवथा. पाव फेरा."
मी दिला.
"पुरे," म्हणाला. "जास्त नको."